पाणी नापास

मी आवाज काढतो. धंदा नाही, खोड आहे. दिग्रसच्या शाळेत होतो तेव्हा मुख्याध्यापकाचा आवाज काढून अख्ख्या सातवीले अर्ध्या दिवसाची सुट्टी देल्ली होती म्या, आन् मग खऱ्या मुख्याध्यापकाच्या हातचा मार खाल्ला. यष्टीचा कंडक्टर, आमचा मामा, लग्नातला बँडवाला, फोनमधली ती बाई, सगळे जमतात. फक्त एक आवाज आता काढत नाही. कोणी म्हटलं, "काकाचा काढ ना बे," का मी गुपचूप चहा पिऊन घेतो.

हे काका माह्या ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे पाणी तपासायची लॅब. दोन खोल्या, एक फ्रीज, बाटल्या उबेत ठेवायचा एक इन्क्युबेटर, आन् खेड्यापाड्यावरून आलेलं पाणी. विहिरीचं, बोअरचं, टाकीचं. मी कंत्राटी, कॉम्प्युटरवर नमुन्यांचे नंबर टाकणारा. काका लॅब असिस्टंट, रिटायर व्हायले दोन-तीन वर्षं बाकी. पहिल्याच दिवशी मी हेल्मेट टेबलावर ठेवलं आन् चहाले गेलतो. येऊन पाहतो तं हेल्मेटवर पांढरं स्टिकर. बारीक अक्षरात लिहिलेलं, "स्थळ: दिग्रस. स्रोत: उघडा. नमुना घेणारे: वडील."

"काका, हे काय?"

"बिना लेबलचा नमुना आपण घेत नाही."

हसले नाही, काही नाही. चष्म्याची दोरी मानेवर सारखी केली आन् कामाले लागले. त्या माणसाच्या छत्रीवर लेबल होतं, सायकलच्या सीटवर होतं, डब्यावर होतं. एकदा म्हणे त्यायनं घरी डबा परत नेला तं आतल्या मेथीच्या वाटीवर चिकटवलं होतं, "दुबार तपासणी आवश्यक." काकूनं दोन दिवस डबा देल्ला नाही. तिसऱ्या दिवशी देल्ला, झाकणावर काकूच्या अक्षरात, "घरचं स्वयंपाकघर बंद करण्यात येईल." ते स्टिकर मात्र काकानं जपून ठेवलं, टेबलाच्या काचेखाली.

दुनियेतल्या सगळ्या गोष्टी त्यायच्यासाठी दोनच प्रकारच्या होत्या. पास आन् नापास. चहा नापास. नवा साहेब पास. जावयानं घेतलेली गाडी पास, जावई नापास. मी नकला करायचो तं पूर्ण ऑफिस पोट धरून हसे. काका शेवटपर्यंत ऐकून घेत आन् म्हणत, "वरच्यावर पास. पण नकल्या, तळाचा नमुना तू घेतच नाही."

मले तेव्हा हे काही समजलं नाही. म्या त्याचीही नक्कल केली.

आता घाटाचं सांगतो. आमच्या ऑफिसच्या गावाले नदी आहे, नदीले घाट आहे, घाटाखाली डोह आहे. रविवार सकाळ झाली का अर्धं गाव तिथं. पोट्टे पोहतात, मोठे लोक डुबक्या मारतात, कोणी कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून राजकारण करते. आन् गंमत अशी, का खेड्यातल्या विहिरीचं पाणी खराब निघालं तं ग्रामपंचायतीले लाल कार्ड भेटते, बोंब होते. पण ज्या डोहात गाव नाकातोंडापर्यंत बुडून राहते, त्याच्यासाठी आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. म्या एकदा विचारलं, "काहून नाही काका?"

"कारण ते पिण्याचं पाणी नाही."

"मग बराबर आहे."

"पोहणारा पाणी पीत नाही, हे तुले कोणी सांगितलं? ज्यानं रकाना ठरवला त्यानं पोट्टे पोहताना पाह्यले नसतील. एक-एक पोट्टा पावशेर तं गिळतेच."

म्हणून रजिस्टरात नसलेला घाट काका आपल्या मनानं तपासायचे. शुक्रवारी संध्याकाळी पँट गुडघ्यावर गुंडाळून पाण्यात जात, बाटलीचं तोंड धारेकडे करून भरून घेत. बाटली उघडी असली का बोलायचं नाही, हा त्यायचा कायदा. थुंकी उडते म्हणे. तेवढा वेळ पूर्ण घाट गप राहे. वर घाटाच्या मंदिरासमोर बसलेली म्हातारी माणसंही बोलता बोलता थांबत. झाकण लागलं का पुन्हा कलकलाट.

बाटली बोटाएवढी. आत औषध असते. पाणी भरा आन् उबेत ठेवा. पाण्यात संडासातले जंतू असले तं दीड-दोन दिवसांत आतलं पाणी काळं होते, शाईसारखं. नसले तं पिवळंच राहते. आता इन्क्युबेटर सरकारी, अन् घाटाची बाटली काकाची घरची. सरकारी उबेत घरची बाटली ठेवायची नाही, हाही कायदा. मग थंडीत ते काय करायचे? स्वेटरच्या आतून काकूनं एक खिसा शिवून देल्ला होता, डाव्या काखेत येईल असा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ बाटली त्यात. तेवढे दिवस काका डावा हात अंगाले चिकटवून फिरायचे, लग्नात गेले तं कोणाच्या गळ्यात पडायचे नाही, यष्टीत कोणाचा धक्का लागला तं म्हणायचे, "हळू भाऊ, उबवून राह्यलो."

"काय उबवता काका?"

"गावाची तब्येत."

अंडे उबवणाऱ्या कोंबडीसारखे चालतात म्हणून मी चालून दाखवायचो. चहाटपरीवर लय मागणी होती त्या आयटमले.

पण खरा आयटम रविवारचा. सकाळी सात-साडेसातले काका घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर येत. खाली पोट्टे शर्ट काढून, एक पाय पुढे करून तयार. काका काखेतून बाटली काढत, उजेडात धरत, आन् ओरडत, "पाऽऽणी..." मग खोकला. खोटा नव्हे, खरा, तपकिरीचा. त्या खोकल्याएवढ्या वेळात घाटावर कोणी श्वास घेत नसे. मग, "...पास!" का धपाधप उड्या.

नाही, चुकलो. धपाधप नाही. आधी काकाची उडी. तो त्यायचा सगळ्यात मोठा कायदा होता. ज्यानं पास केलं, त्यानं पहिले उतरायचं. चष्मा दोरीनं घट्ट बांधत, पायऱ्या उतरत, पंच्याचा काचा मारून ते डोहात जात, पूर्ण डोकं बुडवत, वर येत, तोंड पुसत. मगच बाकीचे.

"कागदावर सही पेनानं करतात नकल्या," म्हणे. "घाटावर अंगानं."

आन् नापास असलं तं भांडण नाही, शिव्या नाही. शेवटच्या पायरीवर बसून राहत. एखादा लाडात ये, "काका, एकच डुबकी!"

"मार ना. मी काय पोलीस आहे? फक्त घरी जाऊन आईले सांगजो का मी नापास पाण्यात गेलतो."

कोणाची हिंमत नव्हती आईले सांगायची. पोट्टे शर्ट घालून क्रिकेटले जात. एवढ्यावर चाललं होतं सगळं. ना बोर्ड, ना दंड, ना शिट्टी. एक म्हातारा, एक बाटली आन् एक आवाज.

एकदा कोणीतरी म्हटलं, "किती घाण पाणी आहे हे," तं काका भल्लेच चिडले. "पाण्याले घाण म्हणू नको. पाणी घाण नसते. त्याच्यात आपण असतो."

मले एक शंका होती. म्या विचारली. "काका, बाटली शुक्रवारची. पोट्टे उतरतात रविवारी. मधात नदी वाहूनच राह्यली. मग तुमचा निकाल खोटाच ना?"

काकानं तपकीर ओढली. "खोटा नाही, शिळा आहे. याच्यापेक्षा ताजा मले भेटत नाही. म्हणून तं मी शनिवारी-रविवारी नदीच्या वरच्या अंगाले सायकल घेऊन चक्कर मारतो. बाटली आन् डोळे, दोन्ही लागतात. तरी भेव वाटतेच. दर वेळी पास म्हणताना वाटते."

भेव वाटते म्हणून खोकत असतीन, हे मले आता सुचून राह्यलं. तेव्हा मले तो खोकला फक्त नकलेसाठी पाहिजे होता.

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. लागोपाठ चार रविवार पाणी पास झालं होतं. पाचव्या रविवारी आठ वाजून गेले, तरी काकाचा पत्ता नाही. घाटावर पोट्टे थंडीत उभे, हात काखेत घालून. सगळ्यात पुढे पूजा. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीची पोट्टी, सहावीतली, डोह आरपार पोहणारी तेवढी एकच. वेणी डोक्यावर बांधून उभी होती. मंदिरामागच्या टपरीवर मी आन् माहे तीन-चार दोस्त.

"काका झोपले वाटते," एक म्हणाला. "काढ बे आवाज. बिचारे कुडकुडून राह्यले."

चार रविवार पास झालेलं पाणी, पाचव्याले काय होते? म्या असाच हिशोब केला. मंदिराच्या भिंतीआड गेलो, मान वर केली, छाती भरली. "पाऽऽणी..." खोकला. तसाच, तपकिरीचा. "...पास!"

इतकी साफ नक्कल माह्याकडून पहिले कधी झाली नव्हती. दुसऱ्या क्षणाले पाण्याचा आवाज. धपाधप, धपाधप. आम्ही भिंतीआड पोट धरून हसलो. कोणीतरी विचारलंही, "काका कुठी आहेत? पहिले काका उतरतात ना?" दुसरा म्हणाला, "येतीन मागून."

पंधरा-वीस मिनिटांनी काका आले. सायकल ढकलत, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. पहाटेच बाटली पाहून ते नदीच्या वरच्या अंगाले गेलते, खराबी कुठून येते ते शोधायले. वरचा गटाराचा नाला फुटून सरळ नदीत येऊन राह्यला होता. हे सगळं मले नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं का काका वरच्या पायरीवर उभे आहेत, डोह माणसांनी भरला आहे, आन् त्यायच्या हातात बाटली आहे. काळीकुट्ट.

"कोणी उतरवलं यायले?" काकानं विचारलं.

खांद्यावर टॉवेल टाकून कंबरेएवढ्या पाण्यात उभा एक जण तिथूनच बोलला, "काय काका, तुम्हीच तं ओरडले!"

काकानं इकडेतिकडे पाह्यलं. मी भिंतीच्या कोपऱ्यावर होतो. माह्या तोंडावरचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं. आमची नजर भेटली. दोन सेकंद असतीन. मले वाटलं, आता नाव घेतात. आता पूर्ण घाट माह्याकडे वळते.

काकानं बाटली वर धरली. "हो. म्याच म्हटलं. चुकलो. पाणी नापास आहे. सगळे बाहेर निघा. घरी जाऊन साबणानं आंघोळ करा. कोणाले उलटी-जुलाब झाले तं लगेच दवाखान्यात जा."

"वा काका! दुनियेले शिकवता आन् बाटली न पाहताच पास केलं?"

"हो. न पाहताच."

मी भिंतीआड झालो.

सोमवारी ऑफिसात मी त्यायच्या टेबलापाशी उभा राह्यलो. "काका, मी जाऊन सांगतो लोकायले. म्या केलं म्हणून."

"बस."

"नाही काका, तुमचं नाव..."

"बस म्हटलं ना बे." त्यायनं चष्मा काढला. "तू सांगशीन, काकाचा आवाज दुसरा कोणी काढू शकते. मग पुढच्या रविवारी मी नापास म्हटलं तं लोक म्हणतीन, हा काकाच आहे का नकल्या आहे? आवाजावरच शंका आली तं माह्याजवळ काय राहते? शिट्टी आहे? कायदा आहे? माणूस चुकते, हे लोकायले पचते. आवाज खोटा निघते, हे नाही पचत."

मंगळवारी समजलं का चार-पाच पोट्ट्यायले उलट्या-जुलाब लागले. बाकीचे दोन दिवसांत उठले. पूजाले सलाइन लावावी लागली. काका मले घेऊन दवाखान्यात गेले. मावशी पलंगापाशी खाली बसलेली. पूजाचे ओठ सुकलेले, वेणी सुटलेली.

काका उभ्यानंच म्हणाले, "मावशी, माही चूक झाली. बाटली न पाहता पास म्हटलं म्या. तुमच्या पोट्टीले माह्यामुळं झालं."

"काका, मले पोहता येत नाही," मावशी म्हणाली. "नदीतलं मले काय समजते? पोट्टी तुमच्या भरोशावर उडी मारते. मी तुमच्या भरोशावर बाजारात बसतो. आता कोणाच्या भरोशावर बसू?"

मी तोंड उघडलं. काकाचा हात माह्या खांद्यावर आला. वजनदार. मी तोंड बंद केलं.

पूजा पलंगावरून बारीक आवाजात बोलली, "काका, मी बरी झाली का पहिली उडी माही."

"पहिली माही," काका म्हणाले. "दुसरी तुही."

त्यानंतरचा रविवार नापास. पुढचाही नापास. तोवर काका नाल्यासाठी नगरपालिकेत चकरा मारत राह्यले. नाल्याची फूट बुजवली गेली, बाटली पिवळी राह्यली, आन् मग एका रविवारी काकानं आवाज देल्ला. "पाऽऽणी... पास!"

कोणी हललं नाही.

काकानं चष्म्याची दोरी बांधली, पायऱ्या उतरले, डोकं बुडवलं, वर आले. घाटावर तीस-चाळीस जण कपड्यांनिशी उभे, पाहत. कोणी टॉवेलही खांद्यावरून काढला नाही. काका पाण्यात उभे राह्यले. डिसेंबरची सकाळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओठ निळे पडले, दात वाजून राह्यले.

"काका, या ना वर. पटलं आमाले," टॉवेलवाला म्हणाला, पण स्वतः मागेच सरकला.

"पाणी पास आहे," काका म्हणाले. बस, एवढंच.

मले राहवलं नाही. मी स्वेटर-पँटसगट उतरलो. पाणी असं का हाडात घुसते. काकाच्या बाजूले जाऊन उभा राह्यलो. दोघंही गळ्यापर्यंत. त्यायनं माह्याकडे न पाहता हळूच म्हटलं, "तोंड बंद ठेव."

"काहून? पाणी पास आहे ना?"

"पाणी पास आहे. तू नाही."

त्या दिवशी आम्ही दोघंच भिजलो. पुढच्या रविवारी तीन जण आले, त्यात पूजा होती. त्याच्या पुढच्याले सात-आठ. पहिल्यासारखी गर्दी व्हायले उन्हाळा लागला, आन् काही लोक तं काका असेपर्यंत आलेच नाही. काका त्यायले रस्त्यात भेटले तं नमस्कार करत, पण पोहायले या असं कधी म्हणाले नाही. मी शनिवारी त्यायच्यासंगं वरच्या अंगाले जायले लागलो. त्या प्रकरणावर एक शब्द पुन्हा बोलले नाही. फक्त थंडीत एखादी बाटली माह्याकडे देऊन म्हणत, "आज तू उबव." बोटाएवढ्या बाटलीसाठी माणूस किती जपून झोपते, ते तेव्हा समजलं. कूस बदलता येत नाही. सकाळी उठून पहिले तिचाच रंग पाहावा लागते.

दोन वर्षांनी काका रिटायर झाले आन् मारेगावले पोराकडे राहायले गेले. जाताना मले तो स्वेटर देल्ला. काखेतल्या खिशावर स्टिकर, "नमुना घेणारा: नकल्या. दुबार तपासणी आवश्यक."

ते गेल्यावर मी बाजारात मावशीकडे गेलो. वांगे घ्यायचे नव्हते, तरी अर्धा किलो घेतले. मग सांगून टाकलं. त्या दिवशी आवाज काकाचा नव्हता, माहा होता.

मावशीनं तराजू खाली ठेवला नाही. "मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगते? चुकलेला माणूस मान खाली घालून बोलते. काका दवाखान्यात माफी मले मागून राह्यले होते आन् पाहून तुह्याकडे राह्यले होते." तिनं एक वांगं बाजूले काढलं, किडकं होतं, दुसरं टाकलं. "तू कधी येतं तेवढंच पाहून राह्यली होती मी. लय दिवस लावले."

म्या वांगे पिशवीत भरले.

पहिली बाटली एकट्यानं भरली ती शनिवारी संध्याकाळीच काळी झाली. पावसाळा नुकताच संपला होता. मी मारेगावले फोन लावला.

"काका, काळी झाली. उद्या तुमच्याच आवाजात सांगू का? मले कोणी ओळखत नाही, तुमचं ऐकतीन तरी."

पलीकडून तो खोकला आला, आता थोडा जास्त. "माह्या आवाजात एकदा ओरडून पाह्यलं ना तू?"

"हो."

"मग आता आपल्यात ओरड. नाही ऐकणार कोणी. पुढच्या रविवारी पुन्हा ओरड."

सकाळी गेलो तं पोट्टे पहिलेच पाण्यात. आता वाट कोणाची पाहायची होती? मी वरच्या पायरीवर उभा राह्यलो. हातात काळी बाटली. खाली दहा-बारा डोकी, मधोमध एक ओळखीची वेणी. पूजा आता आठवीत आहे. घशात काकाचा आवाज तयार होता, खरं सांगतो. पाऽऽणी, खोकला, सगळं. एक शब्द आन् डोह रिकामा झाला असता.

"पाणी नापास!" मी ओरडलो. माहा आवाज पातळ आहे. नकला करणाऱ्याले स्वतःच्या आवाजाची सवयच नसते.

टॉवेलवाला खालून हसला. "हा कोणाचा बे?"

"माहा."

"काकाचा काढ, मग निघतो!"

सगळे हसले. मी बाटली वर धरून तसाच उभा. कोणी हललं नाही. मग मधली वेणी वळली. पूजा काठाकडे यायले लागली, घाई न करता, लांब हात मारत. पायरीवर चढली, वेणी पिळली, चप्पल घातली. तिच्यामागून दोन पोट्ट्या निघाल्या. टॉवेलवाला अजून पाण्यातच.

माह्याजवळून जाताना ती थांबली. "भाऊ, जोरात ओरडत जा ना. पल्याडच्या काठाले ऐकूच नाही आलं."

मी छाती भरली आन् पुन्हा ओरडलो.